लॅपटॉप वारंवार दुरुस्त करूनही तोच बिघाड परत येतो: आणखी एकदा दुरुस्ती करावी का?

पानगळ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या लॅपटॉपमधला एकच बिघाड दर वेळी वेगळ्या नावाने दुरुस्त होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा हजर होतो. तो आणखी एकदा दुरुस्तीला द्यावा की आता निकालात काढावा, हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

बिघाडाचे स्वरूप असे आहे. काम चालू असताना कोणतीही पूर्वसूचना न देता लॅपटॉप एकदम बंद पडतो. निळा पडदा येत नाही, चूक दाखवणारा संदेश येत नाही, पंखा जोरात फिरू लागला आहे असेही होत नाही. पडदा काळा होतो आणि त्याच क्षणी पॉवरचा दिवा विझतो. लगेच बटण दाबले तर बहुधा काहीच घडत नाही. चार्जरची वायर काढून थोडा वेळ तसाच ठेवला, की जणू काही झालेच नव्हते अशा थाटात तो सुरू होतो. नुसते टंकलेखन चालू असताना हे क्वचित होते. व्हिडिओ कॉल किंवा बरीच पाने उघडलेला ब्राउझर असताना अधिक वेळा होते.

आतापर्यंत प्रथम विंडोज नव्याने टाकून झाले. नंतर रॅमचे संपर्क स्वच्छ केले गेले, त्यानंतर एसएसडी (सगळी माहिती साठवणारा भाग) बदलली, आणि शेवटच्या खेपेस ‘मदरबोर्डचे काम’ एवढेच शब्द पावतीवर आले. प्रत्येक वेळी काही आठवडे बरे गेले. परत नेल्यावर ‘आमच्याकडे दिवसभर चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही’ हे उत्तर मला आता पाठ झाले आहे.

माझे काम अनुवादाचे आहे आणि मजकूर ठरलेल्या वेळी द्यावा लागतो. दुरुस्तीवर झालेल्या खर्चापेक्षाही, यंत्र कोणत्या क्षणी दगा देईल हे ठाऊक नसल्यामुळे जो ताण येतो तो मला अधिक जाचतो. परिच्छेद संपला की जतन करण्याचे बटण दाबायचे आणि मगच पुढचे वाक्य वाचायचे, अशी सवय लागली आहे. अशा बिघाडाचे मूळ कारण शोधण्याची काही रीत आहे का, आणि दुरुस्ती करणाऱ्याला नेमके काय सांगावे म्हणजे तो पुन्हा अंदाजाने एखादा भाग बदलणार नाही?

काजवा

पानगळ, आपण वर्णन फार नेमके केले आहे आणि त्यातूनच बऱ्याच गोष्टी वगळता येतात. विंडोजमधला दोष असता तर बहुतेक वेळा निळा पडदा आला असता, यंत्र गोठले असते किंवा आपोआप पुन्हा सुरू झाले असते. पॉवरच्या दिव्यासह सगळे एका क्षणात विझणे आणि काही वेळ बटणालाही दाद न मिळणे, हे वीजपुरवठा तुटल्याचे लक्षण आहे. त्यामुळे विंडोज नव्याने टाकणे किंवा एसएसडी बदलणे, या दोन्ही उपायांचा या तक्रारीशी फारसा संबंध लागत नाही.

आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारा कार्यक्रम) उघडून ‘सिस्टिम’ या विभागात बंद पडण्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहाव्यात. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास सापडेल. अनेक जण तिलाच बिघाडाचे कारण समजतात, परंतु ती फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. उपयोगाची माहिती तिच्या तपशिलात असते. तिथे ‘बगचेककोड’ (विंडोजने नोंदवलेल्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला स्वतःची चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्याच सुमारास ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी असतील, तर मात्र प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्डकडे पाहावे लागेल. नोंदींच्या जंगलात शिरायचे नसेल, तर ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ शोधून उघडावा. त्यात तारखेनुसार तांबड्या खुणा दिसतात आणि बिघाड कोणत्या काळात वाढला हे एका नजरेत कळते.

दुसरी चाचणी जरा खटपटीची असली तरी तिचा निकाल स्पष्ट असतो. पेन ड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी कार्यप्रणाली) घेऊन त्यावरून लॅपटॉप चालू करावा आणि नेहमीसारखाच भार टाकावा. तिथेही तो तसाच बंद पडला, तर विंडोज आणि एसएसडी दोन्ही निर्दोष ठरतात. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावी. बायोसमधली (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतली) कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. काही नव्या यंत्रांत बिटलॉकर मालकाच्या नकळत चालू झालेला असतो आणि असा बदल केल्यावर तो ती की मागू शकतो.

चार्जर लावून आणि चार्जर काढून, अशा दोन्ही स्थितींत काय होते हे आपण लिहिलेले नाही. माझ्या मते कळीचा प्रश्न तोच आहे.

डाखकाम

मी दुरुस्तीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, तेव्हा ‘आमच्याकडे चालला’ या वाक्यामागे काय असते ते आधी सांगतो.

अधूनमधून येणारा दोष दुकानात सापडत नाही, याचे कारण दर वेळी निष्काळजीपणा नसते. आपल्याकडे तो लॅपटॉप ज्या परिस्थितीत चालतो, ती परिस्थिती दुकानात नसते. टेबल सपाट आणि मोकळे असते, खालून हवा व्यवस्थित आत जाते, यंत्रावर कामाचा भार नसतो; पडद्यावर विंडोजचे चित्र तासन्तास तसेच दिसत राहिले की ‘चालतो’ असा शेरा मारला जातो. शिवाय, आणि हे फार कमी ग्राहकांच्या लक्षात येते, दुकानात बहुधा दुकानाचाच चार्जर लावलेला असतो. लॅपटॉप घेताना अनेक ठिकाणी ‘चार्जर राहू द्या, आमच्याकडे आहे’ असे सांगितले जाते. दोष आपल्या चार्जरमध्ये असेल, तर तो आपल्या घरीच राहिला आणि निर्दोष यंत्राची तपासणी झाली! आपण चार्जर दिला होता का?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. चार्जर लावलेला असताना बॅटरी नुसती भरत राहते आणि यंत्र पूर्णपणे चार्जरवर चालते, असा सर्वसाधारण समज आहे. अनेक आधुनिक लॅपटॉपमध्ये तसे नसते. प्रोसेसर क्षणभर जोर लावतो तेव्हा लागणारी वीज चार्जरच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, आणि वरची तूट त्या क्षणापुरती बॅटरी भरून काढते. बॅटरी जुनी झाली की तिची साठवण घटते, त्याचबरोबर तिचा अंतर्गत रोधही वाढतो. म्हणजे अचानक जास्त प्रवाह मागितला की तिचा विद्युत दाब (व्होल्टेज) धाडकन खाली येतो. तो ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की संरक्षक मंडल (सर्किट) पुरवठा तोडते आणि पडद्यापासून दिव्यापर्यंत सगळे एकदम विझते. विश्रांतीनंतर बॅटरीचा दाब थोडा सावरतो. चार्जरमधले अतिभाराचे संरक्षण कार्यान्वित झाले असेल, तर वायर काढून ठेवल्यावर अनेक चार्जर मोकळे होतात. ‘थोडा वेळ ठेवला की सुरू होतो’ याचा उलगडा या दोन्ही प्रकारे होऊ शकतो. व्हिडिओ कॉलच्या वेळी बिघाड अधिक का होतो, तेही यातून समजते.

मग प्रत्येक दुरुस्तीनंतर काही आठवडे बरे का गेले? पहिल्या खेपेस विंडोज नव्याने टाकले, तेव्हा पाठीमागे चालणारे कार्यक्रम कमी झाले आणि भार हलका झाला. पुढच्या प्रत्येक खेपेस यंत्र उघडले गेले, आणि उघडल्यावर शहाणा तंत्रज्ञ सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढतो आणि शेवटी ती पुन्हा बसवतो. संपर्क नव्याने घट्ट बसल्यामुळे काही काळ फरक पडू शकतो, आणि श्रेय मात्र एसएसडीला मिळते. हे निदान नव्हे, शक्यता आहे. पण ती तपासायला खर्च जवळजवळ नाही.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी (powercfg) ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ (/batteryreport) या पर्यायासह चालवावी. तयार झालेल्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता हे दोन आकडे शेजारी मिळतात. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर (म्हणजे तितक्या वेळा पूर्ण भरून वापरल्यावर) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, असे ढोबळमानाने धरतात. आपला आकडा त्याहून बराच खाली असेल तर संशय बळावतो. अहवाल चांगला आला म्हणून बॅटरी निर्दोष ठरत नाही, कारण तो साठवण सांगतो, रोध सांगत नाही. म्हणून काजवा यांच्या प्रश्नाचे उत्तर देणारी चाचणी, म्हणजे केवळ बॅटरीवर चालवून भार टाकणे, करावीच. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर मात्र कोणतीही चाचणी न करता वापर तत्काळ थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये आणि टोचू नये.

‘मदरबोर्डचे काम’ या शब्दांबद्दलही लिहिणे भाग आहे. त्याचा अर्थ एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर शोधून बदलला असा असू शकतो, आणि ते चांगले, टिकाऊ काम असते. पण अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की मोठ्या चिपला गरम हवा दिली. चिपखालच्या डाखाच्या (सोल्डरच्या) बारीक गोळ्यांना तडा गेला असेल, तर त्या उष्णतेने तात्पुरत्या जुळतात, असा त्यामागचा तर्क आहे. पूर्वीचा शिसे-कथिलाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणल्यानंतर सर्वत्र रूढ झालेल्या शिसेविरहित डाखाला सुमारे २१७ अंश लागतात. नुसत्या अंदाजाने हवा दिली, तर पुष्कळदा डाख वितळतच नाही आणि चिप मात्र भाजून निघते. त्यातच खरा तडा चिपच्या आवरणाच्या आत असेल, तर खालचा डाख नीट वितळूनही उपयोग नसतो. काही आठवडे चालून बंद पडणे हे अशा कामाचे ठरलेले भविष्य आहे. आपल्या बाबतीत काय केले, हे दुकानदाराला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आडवाट

डाखकाम यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरीही मी दुसरी बाजू मांडतो. ज्या यंत्रावर उदरनिर्वाह अवलंबून आहे, त्याच यंत्राची प्रयोगशाळा करणे मला पटत नाही. दोष बॅटरीत सापडेल किंवा सापडणार नाही. तोवर पानगळ यांनी अनुवाद कशावर करायचा? आधी एखादे साधे, जुने का होईना, पण भरवशाचे यंत्र मिळवून कामाची सोय लावावी आणि मगच शोधकार्य सुरू करावे. घाई नसेल तर दुकानात यंत्र अधिक दिवस ठेवता येते, आणि अधूनमधून येणारा दोष सापडायला वेळच लागतो.

लॅपटॉप उघडण्याचीही किंमत असते. आतल्या चपट्या पट्ट्यांच्या जोडण्यांवरची नाजूक झापे काही वेळाच उघडझाप सहन करतात, प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नळ्या स्क्रूबरोबर फिरू लागतात, एखादा स्क्रू हरवतो किंवा आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू बसतो. त्यामुळे मूळ दोष तसाच राहून दोन नवे दोष घेऊन यंत्र घरी येते, हे मी जवळून पाहिले आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र कोणतीही भीड बाळगू नये. यंत्र देताना पावतीवर ‘तपासणी’ असे लिहू न देता आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी: ‘भार असताना पॉवरच्या दिव्यासह अचानक बंद पडतो, लगेच सुरू होत नाही’. परत घेताना काय आढळले, काय बदलले, नव्या भागाचा क्रमांक कोणता, हे लिहून मागावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. जुना भाग मागणारा ग्राहक आहे हे कळले, की विनाकारण भाग बदलण्याचा उत्साह बराच ओसरतो. दुरुस्तीची हमी बदललेल्या भागापुरती आहे की तक्रारीला लागू आहे, हेही आधीच विचारावे. एसएसडीची हमी मिळाली आणि बिघाड एसएसडीत नव्हताच, तर त्या हमीचा आपल्याला काय उपयोग?

आणि मर्यादा आजच ठरवावी. पुढच्या दुरुस्तीत कारण दाखवून दिले गेले नाही, तर त्यानंतर या यंत्रावर खर्च नाही. आधीच एवढा खर्च झाला आहे म्हणून आणखी एकदा करून पाहू, हा विचार सर्वांत महाग पडतो.

काजवा

आडवाट, कामाची पर्यायी सोय आधी करावी, हे मान्य. परंतु कारण न शोधता यंत्र निकालात काढले, तर एका बॅटरीसाठी चांगला पडदा, कीबोर्ड आणि नुकतीच बदललेली एसएसडी टाकून दिली, असेही होऊ शकते. घरच्या घरी होणाऱ्या चाचण्यांमध्ये यंत्र उघडावे लागत नाही, म्हणून आपण सांगितलेला उघडझापीचा धोका त्यांना लागू होत नाही.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्या चाचण्या केल्या. निष्कर्ष लिहीत आहे.

पर्यायी यंत्राची सोय एका सहकाऱ्याकडून झाली आहे, त्यामुळे आडवाट यांची पहिली अट पूर्ण झाली. चार्जर मी कोणत्याही खेपेस दुकानात दिला नव्हता. तो आणू नका, असे मला सांगण्यात आले होते. ‘कर्नल-पॉवर ४१’ च्या नोंदी आहेत आणि प्रत्येकीत बगचेककोड शून्य आहे. व्हिया-लॉगरची एकही नोंद नाही. मेमटेस्ट रात्रभर चालली आणि एकही त्रुटी निघाली नाही. लिनक्सवरूनही भार टाकताच लॅपटॉप तसाच बंद पडला.

बॅटरीच्या अहवालात पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या निम्म्याहूनही खाली आहे. केवळ बॅटरीवर व्हिडिओ चालू करून शेजारी मोठी फाइल संकुचित करायला लावली, तर बॅटरीत ४० टक्के शिल्लक दिसत असतानाही यंत्र विझते. त्याच वॉटक्षमतेचा दुसरा मूळ चार्जर लावूनही भाराखाली ते बंद पडले, तेव्हा माझ्या चार्जरवरचा संशय बराच कमी झाला आहे. टचपॅड आणि झाकण सपाट आहेत. आता बॅटरी बदलून पाहावी, या निष्कर्षापर्यंत मी आले आहे; ती निवडताना काय पाहावे?

डाखकाम

इतक्या शिस्तीने केलेली तपासणी ग्राहकाकडून फार क्वचित मिळते. पडद्यावर ४० टक्के दिसत असताना विझणे हे थकलेल्या बॅटरीचे ठळक लक्षण आहे.

बॅटरी घेताना लॅपटॉपच्या नावावरून न घेता जुन्या बॅटरीवर छापलेल्या भाग क्रमांकावरून घ्यावी, कारण एकाच नावाच्या यंत्रात वेगवेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात. व्होल्टेज आणि वॉट-अवर हे दोन्ही आकडे जुळवून पाहावेत. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर मूळ बॅटरीपेक्षा कितीतरी मोठी क्षमता छापली असेल, तर ती घेऊ नये. बसवल्यानंतर दुकानातच बॅटरीरिपोर्ट काढावा. नव्या बॅटरीच्या अहवालात चक्रांचा आकडा शून्याच्या जवळ असायला हवा, मात्र काही यंत्रे हा आकडा दाखवतच नाहीत. त्यानंतर आपण घरी केलेली भाराची चाचणी तिथेच, आपल्या चार्जरसह आणि चार्जरविना, दुकानदारासमोर करावी. विंडोजचे चित्र दिसले म्हणून पैसे देऊ नयेत.

पानगळ

बॅटरी बदलली. भाराची चाचणी दुकानातही केली आणि घरी आल्यावरही. दोन्ही ठिकाणी, चार्जर लावून आणि काढून, यंत्र चालू राहिले. त्यानंतरच्या व्हिडिओ कॉलमध्येही ते विझलेले नाही.

एक नवी तक्रार मात्र लिहावी लागत आहे. पडदा एका विशिष्ट कोनात आणला की चित्र थरथरते, आणि किंचित मागे ढकलला की स्थिर होते. मागे वळून पाहता, हे ‘मदरबोर्डच्या कामा’नंतरच सुरू झाले, बंद पडण्याच्या धास्तीपुढे तिकडे लक्ष गेले नव्हते. दुकानदाराचे म्हणणे आहे की पडदाच बदलावा लागेल.

आडवाट

उघडण्याची किंमत असते असे मी म्हणालो होतो, ती हीच.

डाखकाम

पडदा बदलायला इतक्यात होकार देऊ नका. मदरबोर्ड बाहेर काढताना पडद्याची केबल सोडवावी लागते आणि ती बिजागरीतून वर गेलेली असते. परत बसवताना ती खाचेत नीट बसली नाही किंवा जोडणी पूर्ण आत गेली नाही, तर अगदी आपण वर्णन केलेले लक्षण दिसते. पडदा स्वतः बिघडला असता, तर थरथर कोनावर अवलंबून राहण्याचे फारसे कारण नव्हते.

बाहेरचा मॉनिटर जोडून लॅपटॉपचा पडदा त्याच कोनात आणा. आतल्या पडद्यावर थरथर होत असताना बाहेरचे चित्र स्थिर राहिले, तर ग्राफिक्सचा भाग ठीक आहे आणि आधी केबल तपासायची. दोन्ही पडदे एकत्र दिसतील असा मोबाइलवर व्हिडिओ काढा, मागची पावती सोबत घ्या आणि ही नवी दुरुस्ती न मानता मागच्या कामातली त्रुटी म्हणून तक्रार लिहून द्या. केबल पुन्हा बसवूनही फरक पडला नाही, तर नवी केबल लावून पाहा. पडद्याचा विचार त्यानंतर. आणि या वेळी लॅपटॉपबरोबर आपला चार्जरही द्या.